धोतरावरचं तांबं

इंजिनाच्या पोटात काय बिघडलंय हे बाहेरून सांगणारे सोलापुरात पुष्कळ आहेत. कोणी आवाज ऐकून सांगतो, कोणी धुराच्या रंगावरून. हैदराबाद रोडला एक महाशय तर बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटायचे आणि मग जे तोंडाला येईल ते ठोकून द्यायचे. मी असली नाटकं कधी केली नाहीत. मी इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा नट सोडतो, गरम तेल पातेल्यात धरतो आणि धुतलेल्या पांढऱ्या धोतराच्या फडक्यातून गाळतो. मग ते फडकं रॉकेलमध्ये हलकेच खळबळून उन्हात वाळवतो. फडक्यावर जो कचरा उरतो तो त्या इंजिनाचं सगळं खरं सांगतो.

करडी पूड असेल आणि लोहचुंबकाला चिकटत असेल तर रिंगा झिजल्या. पांढरी चमक असेल आणि नखाखाली मऊ लागत असेल तर बेरिंगचा वरचा थर निघाला. पांढऱ्याच्या मागोमाग तांबं आलं तर बेरिंग संपलंच, गाडी जिथे असेल तिथे उभी करा. आणि पांढरं अजिबात नाही, नुसताच पिवळसर तांब्याचा चुरा, तर पिस्टनला रॉड जिथे जोडतात तिथला बुश गेला. एवढं साधं आहे. ज्याला डोळे आहेत त्याला दिसतं.

फडकी मी टाकत नाही. गाडीचा नंबर आणि तारीख शाईच्या पेन्सिलीनं कोपऱ्यात लिहितो आणि घडी करून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवतो. माझी बायको रत्नम्मा म्हणायची, या घरात माझ्या लुगड्यांपेक्षा गाड्यांचीच लुगडी जास्त आहेत. ती जाऊन तीन वर्षं झाली. ट्रंका आता दोन झाल्या आहेत.

माझं नाव गुरुसिद्धप्पा. अक्कलकोट रोडला नाक्याच्या पुढे माझी पत्र्याची शेड आहे आणि मागे एक खोली. वय साठ. हाताखाली माणूस टिकत नाही. माझ्या तोंडामुळे टिकत नाही असं लोक म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. सकाळी अंघोळ, लिंगपूजा, कपाळाला विभूती, एक भाकरी, की मी शेडमध्ये. दिवसभर इंजिनांशी बोलतो. ती उलट बोलत नाहीत.

शहात्तर सालच्या जानेवारीत, एका मंगळवारी, येडूची गाडी आली.

येडू सांगोल्याकडचा धनगर. घरची मेंढरं होती, ती सांभाळता सांभाळता त्यानं बाजाराला मेंढरं-बकरी वाहून न्यायला एक जुना ट्रक घेतला. दोन वर्षांपूर्वी घेतला, तोही तिसऱ्या हातानं. आकड्यांचा मीटर एकदा पूर्ण फिरून पुन्हा शून्यापासून सुरू झाला होता. त्या इंजिनाच्या बाजूला मी माझी खूण बघितली होती, छिन्नीनं ठोकलेली तीन आडवी बोटं. विभूतीची खूण. म्हणजे ते इंजिन माझ्या हातचं. पहिल्या मालकासाठी सहासष्ट साली मी स्वतः बांधलेलं.

"आप्पा," येडू म्हणाला, "गाडी बंद करताना खालनं आवाज येतोय. बारीक. खुळखुळ्यावानी."

"कवापासनं?"

"म्हैना झाला. एकानं इंजिनात रॉकेल घालून धुऊन दिलं, म्हणला लई गाळ हाय. तवापासनं. आन् तेल बगा की, चमकाय लागलंय. एकजण म्हणतोय इंजिन गेलं, दुसरं घाल. रविवारी सांगोल्याचा बाजार हाय. माजं समदं ह्या गाडीवरच हाय आप्पा."

"गेलं का ऱ्हायलं ते मी सांगतो," मी म्हणालो. "तू गप बस तितं."

तो गपगुमान बाभळीखाली बसला. मी तेल काढलं, गाळलं, फडकं दोरीवर टाकलं. तासाभरात वाळलं. जवळ जाऊन बघितलं.

पांढरं नव्हतं. नुसतं तांबं होतं. आणि ते पिवळसर नव्हतं, तांबडं होतं. लालसर, खवल्याखवल्यांचं.

असा तांबडा रंग मी आयुष्यात एकदाच बघितला होता. मी आत जाऊन ट्रंक उघडली आणि खालपर्यंत हात घालून सदुसष्ट सालचं एक फडकं काढलं. दोन्ही फडकी शेजारी शेजारी उन्हात धरली. एकाच ताग्यातली वाटावीत इतकी सारखी.

ते जुनं फडकं कोणाचं, ते सांगायला हवं.

मल्लिकार्जुन हा रत्नम्माचा पाठचा भाऊ. लग्नानंतर सहा-सात वर्षांनी तो माझ्याकडे काम शिकायला आला आणि पुढं बरोबरीनं काम करायला लागला. हात सोन्याचा. बोलायला कमी, त्यामुळे माझ्याजवळ टिकला. आमच्या दोघांच्या कामाची एक रीत होती. इंजिन पूर्ण बांधून झालं की रत्नम्मा आतून ताट घेऊन यायची. इंजिनाला विभूती, फूल, नारळ. आणि नव्या इंजिनात पहिलं तेल तिच्या हातानं पडायचं. एक लोटाभर. मी त्या वेळी हात जोडून, डोळे मिटून उभा राहायचो. मल्लिकार्जुन तेलाचा डबा धरायचा. तिनं लोटा ओतला की मी डोळे उघडायचो, मग नरसाळं लावून बाकीचं आम्ही भरायचो. रत्नम्माच्या हातचं इंजिन लवकर उघडावं लागत नाही, असं ड्रायव्हर लोक म्हणायचे. मी हसायचो, पण मलाही ते आवडायचं.

सदुसष्ट साली शेंगांचे व्यापारी रुद्रप्पा यांच्या गाडीचं इंजिन बांधायला आलं. मी दुसऱ्या कामात होतो, म्हणून बुश आणण्यापासून बसवण्यापर्यंत सगळं मल्लिकार्जुनानं केलं. सहा महिनेही झाले नव्हते तोवर गाडी परत आली. तेलात तांबं. मी फडकं वाळवलं आणि बघितलं, तर तांबडं. चांगल्या बुशच्या धातूत कथील असतं, त्याचा चुरा पिवळसर पडतो. तांबडा पडला म्हणजे बुश हलका, भंगारातला. एवढ्यावरून मी निकाल लावला. शेडमध्ये रुद्रप्पा होते, चार-पाच ड्रायव्हर होते. त्यांच्यादेखत मी मल्लिकार्जुनाला म्हणालो, नवे बुश विकून खाल्लेस आणि भंगारातले बसवलेस. तू चोर आहेस.

"दाजी, बुश नवंच हुतं," तो म्हणाला. "इंजिन खोलून बगा."

"खोलायची गरज न्हाय," मी म्हणालो. "धोतर खोटं बोलत न्हाय."

तो पुढे आला. फडक्यावरचा चुरा त्यानं बोटावर घेतला, अंगठ्यानं घासला, उन्हात धरला. रत्नम्मा मागच्या दारात डबा घेऊन उभी होती. त्यानं तिच्याकडे बघितलं. मग बोट विजारीला पुसलं आणि म्हणाला, "बरं. जातो मी." आणि गेला. मी त्याला कबुलीच समजलो. निर्दोष माणूस असा मुकाट्यानं जातो होय?

रुद्रप्पांनी गाडी तशीच दुसरीकडे नेली, पुढं विजापूरकडे विकून टाकली. तिचं इंजिन उघडल्यावर काय निघालं हे विचारायलासुद्धा मी गेलो नाही. मला ठाऊक होतं ना!

त्या दिवशी संध्याकाळी रत्नम्मानं एवढंच विचारलं, "फडक्यात खरंच दिसलं का?" मी तिला फडकं दाखवलं. तिनं बराच वेळ बघितलं. त्यानंतर तिनं भावाचं नाव घेतलं नाही. श्रावणात नागपंचमी आली. त्याआधी दरवर्षी तो तिला माहेरी न्यायला यायचा. त्या वर्षी ती गेली नाही, पुढच्याही वर्षी नाही. अशा सहा पंचम्या गेल्या. त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात ती काविळीनं गेली. आमच्यात पुरतात. खड्ड्यात बेलपानं आणि विभूती टाकायला मल्लिकार्जुन आला होता. टाकली आणि निघून गेला.

आता हे येडूचं फडकं माझ्या हातात होतं. आणि यातले बुश मी स्वतः बाजारातून आणले होते. मी स्वतः बसवले होते. मल्लिकार्जुन त्या आठवड्यात तापानं पडला होता, त्यानं त्या बुशला बोटही लावलं नव्हतं.

मग इथं चोर कोण?

येडूला मी म्हणालो, इंजिन खोलावं लागेल. तो घाबरला. मी खेकसलो, "मी हाय ना! रविवारी बाजाराला जाशील तू." आणि कामाला लागलो. मंगळवार गेला, बुधवार अर्धा गेला. येडूनं लागेल तिथं हात दिला. हेड काढलं, खालून चेंबर उतरवून बाजूला ठेवला, पिस्टन एकेक करून वर ओढले. प्रत्येक बुशमध्ये पिन घालून हलवून बघितली. जुने झाले होते, पण घट्ट होते. एकालाही चीर नाही, टवका नाही. रंग छान पिवळा, जसा घातला तसा. बेरिंगं बघितली. पांढरा थर जागेवर. एवढं पळालेलं इंजिन, पण माझं काम कुठेही कमी पडलं नव्हतं.

एरवी मी फुशारकी मारली असती. त्या दिवशी मी सगळे बुश पुन्हा एकदा हलवून बघितले. माझं काम बरोबर, बुश बरोबर, तर मग तांबं आलं कुठून? या इंजिनात तांबं असलेली दुसरी वस्तूच नव्हती. म्हणजे धोतर खोटं बोलत होतं. आणि आज खोटं बोलत असेल तर त्या दिवशीही बोललं होतं.

एकच जागा राहिली होती. चेंबर. आम्ही त्यातलं तेल काढतो, वरवर पुसतो आणि लावतो. या बनावटीच्या चेंबरला तळाशी एक आडवी पत्र्याची पट्टी असते, तेल डचमळू नये म्हणून. तिच्याखाली बोट जाईल एवढीच फट. मी चेंबर डिझेलनं धुतला. उचलून कलता केला, तर आत काहीतरी खुळखुळलं.

येडू ओरडला, "ह्योच! ह्योच आवाज, आप्पा!"

तारेचा आकडा करून मी ते ओढून काढलं. कागदासारखा पातळ झालेला, धारदार कडांचा एक तांबडा चकता. अक्षरं झिजून गेलेली. मधोमध भोक.

भोकाचा पैसा. लढाईच्या काळात निघालेला, पुढं नव्या पैशानं बंद पडलेला. मी तो हातात धरला आणि मला सगळं एकदम कळलं. मी तिथंच तेलात बसलो.

आम्हाला एक मूल झालं होतं. मुलगा. नऊ दिवस होता. बारशाला त्याच्या कमरेला करगोटा बांधायचा, त्यात दृष्ट लागू नये म्हणून ओवायला रत्नम्माच्या आईनं मूठभर भोकाचे पैसे जमवून ठेवले होते. पोरगं बाराव्या दिवसापर्यंत पोचलंच नाही. ते पैसे रत्नम्मानं खणाच्या एका पिशवीत ठेवले. नंतर मूल झालं नाही. माझ्या तोंडात एक बोलणं असायचं, नवं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की मी तिला म्हणायचो, "घे, झालं बघ आपलं पोर!" मी गंमतीनं म्हणायचो. तिला हसू यायचं नाही, हे मला दिसायचं, पण का यायचं नाही हे मी कधी बघितलं नाही. ती गेल्यावर ती पिशवी मला सापडली होती. रिकामी. मी ती काजळी पुसायला घेतली.

तर ती पहिल्या तेलाबरोबर प्रत्येक इंजिनात एकेक पैसा सोडत होती. मी डोळे मिटून उभा असताना.

बहुतेक इंजिनांत तो कुठल्यातरी कोपऱ्यात आडवा पडून राहिला असेल. पण या बनावटीच्या चेंबरमध्ये तो पट्टीखाली जाऊन अडकायचा आणि पत्र्यावर घासत राहायचा. रुद्रप्पांची गाडी याच बनावटीची होती, आणि चेंबर नवा, स्वच्छ. पहिल्या वर्षीच झिजायला लागला. येडूच्या गाडीचा पहिला मालक तेल बदलायचा आळशी, म्हणून हा पैसा इतकी वर्षं गाळात रुतून बसला. गेल्या महिन्यात कोणीतरी गाळ धुतला आणि तो मोकळा झाला.

मला आधी राग आला. मी मोठ्यानं म्हणालो, "रत्ने, काय करून ठेवलंस हे!" पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमला. येडू बिचारा कोपऱ्यात सरकला. मग मला रडू आलं. पाण्यानं हात धुवायचं सोडून मी तसाच तेलकट हातानं डोळे पुसत राहिलो, आणि डोळे जास्तच झोंबले.

गुरुवारी सकाळी सायकल काढली आणि कुंभारीला गेलो. मल्लिकार्जुन तिकडे विहिरीवरच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करतो, हे मला माहीत होतं. नऊ वर्षं माहीत होतं. रस्ता फार लांबचा नाही. पण तेवढ्यात मी दोनदा उतरलो आणि एकदा परत फिरलोही.

तो घरापुढे एका ऑइल इंजिनाशी बसला होता. केस पांढरे झालेले. त्याच्या बायकोनं, बसव्वानं मला आधी बघितलं. ती घाईनं पदर सारखा करत म्हणाली, "बर्री अण्णा, बर्री, आत या," आणि पाणी आणायला आत गेली. मल्लिकार्जुन उठला, हात पुसले, आणि तसाच उभा राहिला.

मी पैसा त्याच्या इंजिनाच्या बैठकीवर ठेवला.

तो पैशाकडे बघत राहिला. हात लावला नाही.

"तुला म्हाईत हुतं?" मी विचारलं.

"व्हय."

"कवापासनं?"

"पैल्यापासनं. डबा मीच धरत हुतो की. तुमी डोळं मिटायचा, आक्का लोट्याच्या आडनं बोटातनं सोडायची. पैल्यांदा मी बगितलं तवा तिनं नुसती मान हलवली, सांगू नको म्हणून. मी कशाला सांगतोय?"

"आन् त्या दिवशी? फडकं बगितल्यावर?"

"तवा वळखलं. बोटावर घासलं की. बुशचं न्हवतं ते."

"मग बोलला का न्हाईस रे मुडद्या!" मी ओरडलो. नऊ वर्षांनी दारात गेलो आणि पहिला ओरडलो. माझं हे असं आहे.

त्याचा आवाज चढला नाही. "काय बोलू दाजी? आक्का दारात हुबी हुती. पोराला घालायचं पैसं हुतं ते. पोराला लाभलं न्हाईत म्हणून तिनं इंजिनाला दिलं. त्येनीच इंजिन खाल्लं, आसं तिच्या तोंडावर सांगू? तिनं काय म्हणलं असतं? माजा हातच वंगाळ, हेच की. आन् तुमी तर तितंच, समद्यांम्होरं, तिच्यावर वरडला असता."

वरडलो असतो. यात मला तिळमात्र शंका नव्हती. मल्लिकार्जुन मला माझ्यापेक्षा बरा ओळखत होता.

"मला वाटलं," तो म्हणाला, "तुमी चार दिसांनी गार व्हाल. इंजिन खोलून बगाल. गुपचूप पैसा काडाल आन् मला बोलवाल."

मी खोललं नव्हतं.

"मग नंतर तरी तिला एकटीला सांगायचं," मी म्हणालो. "पंचमीला तू आलाच न्हाईस."

त्यानं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "आलतो की. तुमी गाडी घेऊन होटगीला गेलता. मी हुंबऱ्यात हुबा ऱ्हायलो. आक्का आतनंच बोलली. भायेर आली न्हाई."

"काय बोलली?"

"म्हणली, मला भाऊ न्हाय. म्हणली, धोतर खोटं बोलत न्हाय."

बसव्वा तांब्या घेऊन दारात थबकली होती. पाणी हातातच राहिलं.

इतकी वर्षं मी समजत होतो की माझ्या धाकानं ती भावाचं नाव घेत नाही. मनातून तरी ती त्याच्या बाजूची असेल, मी झोपल्यावर त्याच्यासाठी रडत असेल, असं मला वाटायचं आणि त्याचासुद्धा मला राग यायचा. तसं नव्हतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता. माझ्या डोळ्यांवर, माझ्या फडक्यावर. आयुष्यात एकदा तिनं माझं ऐकायला नको होतं, आणि तेव्हाच तिनं माझं पूर्ण ऐकलं. पाठच्या भावाला चोर समजतच ती गेली.

"मी सांगतो," मी म्हणालो. "अक्कलकोट रोडला एकेकाला धरून सांगतो. मल्लिकार्जुन चोर न्हवता म्हणून सांगतो."

"कुणाला सांगताय दाजी," तो म्हणाला. "जिला कळाय पायजे हुतं ती गेली." आणि खाली बसून त्यानं पाना उचलला. न वळताच बसव्वाला म्हणाला, "त्येंला जेवाय वाड."

मी जेवलो. नाही म्हणायची मला लाज वाटली आणि हो म्हणायचीही. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. मी आत भिंतीकडे तोंड करून जेवत होतो आणि बाहेर त्याचा पाना नटावर वाजत होता. तो माझ्याबरोबर बसेल अशी मला आशा होती. तो बसला नाही. निघताना बैठकीवर बघितलं तर पैसा नव्हता. तो त्यानं ठेवून घेतला होता. मी मागितला नाही. बहीण त्याची होती.

शुक्रवारी आणि शनिवारी मी इंजिन बांधलं. नवीन काहीच लागलं नाही, फक्त पॅकिंग आणि तेल. पट्टीखालची फट तीन-तीनदा बघितली. संध्याकाळी चारला शेवटचा नट आवळला. आतून ताट आणलं, विभूती लावली, नारळ फोडला. तेलाचा डबा येडूनं धरला. मी सवयीनं हात जोडले आणि डोळे मिटले.

मिटूनच उभा राहिलो. थोड्या वेळानं येडू म्हणाला, "आप्पा, वतायचं कुणी?"

मग मी डोळे उघडले आणि लोटा मीच ओतला. ओतताना खाली काही वाजतं का ते ऐकत होतो. नुसतं तेल पडलं.

"त्यो पैसा आत गेला कसा, आप्पा?" नरसाळं लावता लावता येडूनं विचारलं. "तुमी येड्यावानी रडला त्या दिशी. मी काय इचारलं न्हाई."

पैसा आत कसा गेला ते सोडून मी त्याला बाकी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. सदुसष्ट साल, रुद्रप्पांची गाडी, फडकं, मी काय म्हणालो, ड्रायव्हर कसे बघत होते. शेवटी म्हणालो, "तर मल्लिकार्जुन चोर न्हवता. ध्यानात ठेव. रस्त्याला कुणी इचारलं तर सांग, गुरुसिद्धप्पा म्हणतोय, मल्लिकार्जुन चोर न्हवता. चूक माजी हुती."

येडूनं मान हलवली. तो भला माणूस, त्याला समजून घ्यायचं होतं. पण त्या वेळचे ड्रायव्हर आता कुठल्या कुठे गेले. रुद्रप्पाही गेले. या रस्त्यावर तो किस्सा आठवणारा माझ्याखेरीज कोणी उरला नव्हता.

"सांगतो की," येडू म्हणाला. "पर आप्पा, मल्लिकार्जुन म्हंजी कोण?"

"रत्नम्माचा भाऊ," मी म्हणालो.

त्यानं पुन्हा मान हलवली. मला कळलं, त्याला रत्नम्माही ठाऊक नव्हती. तो माझ्याकडे यायला लागला तेव्हा ती गेलेली होती. मी हात पुसले आणि त्याला गाडी सुरू कर म्हणालो.